तलम, पण दुबळे नव्हे

लग्नसराई जवळ आली की करोंदच्या मराठी घरांतून जुन्या भोपाळच्या चौकात आणि न्यू मार्केटमध्ये फेऱ्या सुरू होतात. आईसाठी माहेश्वरी, सुनेसाठी पैठणी हे ठरलेलेच असते. धाकट्या कन्येस मात्र स्वागतसमारंभासाठी शिफॉनची साडी हवी असते, आणि वडीलधाऱ्यांचे उत्तरही ठरलेले असते : ‘त्या चिंधीला एवढे पैसे?’ गंमत अशी, की फ्रेंच भाषेत शिफॉन या शब्दाचा अर्थ चिंधी असाच आहे! तरीही या वस्त्रास दुबळे ठरविणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

शिफॉनची वीण अगदी साधी, एकाआड एक धाग्याची. त्याचे मर्म आहे पिळात. उभ्या-आडव्या धाग्यांना मीटरमागे दोन-तीन हजार वेढे दिलेले असतात, आणि उजव्या व डाव्या पिळाचे धागे आलटूनपालटून, मध्ये मोकळी जागा ठेवून विणतात. मागावरून उतरलेले कापड रेशमातील नैसर्गिक डिंकामुळे ताठ असते. साबणाच्या कढत पाण्यात तो डिंक निघाला, की पीळ उलगडू पाहतो, धागे एकमेकांस ओढतात आणि पोताला ती बारीक चुणी येते. म्हणूनच शिफॉन साटिनसारखे चकाकत नाही, बोटांना किंचित खरखरीत लागते, पण अंगावरून पाण्यासारखे ओघळते. नेहमीच्या वजनाची साडेपाच मीटरची साडी जेमतेम 200 ग्रॅम भरते. जॉर्जेट हे त्याचेच भावंड, पण अधिक दाट आणि सोशिक.

या परदेशी कापडाची साडी आपल्याकडे रूढ करण्याचे श्रेय एका मराठी राजकन्येस दिले जाते, हे किती भगिनींना ठाऊक असेल? बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या कन्या इंदिराराजे यांचा विवाह ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरला होता. 1911 मध्ये त्यांनी तो स्वतः मोडला आणि 1913 मध्ये कुचबिहारच्या राजघराण्यात विवाह केला. 1922 मध्ये त्यांना वैधव्य आले. साडीच्या पन्ह्याचे शिफॉन त्यांनी फ्रान्समधून विणवून आणले, असे सांगतात. त्यांच्या कन्या, जयपूरच्या गायत्रीदेवी, यांनी फिक्या रंगांच्या शिफॉनची तीच परंपरा पुढे चालविली. जरीच्या भाराखेरीजही वस्त्राला भारदस्तपणा असतो, हे या मायलेकींनी दाखवून दिले.

आता व्यवहाराकडे वळू. बाजारात शिफॉन म्हणून मिळणारा बहुतेक माल पॉलिएस्टरचा असतो. तो वाईट नव्हे. धुण्यास सोपा आणि खिशास परवडणारा. मात्र रेशमाच्या भावाने तो घेणे हा तोटा आहे. म्हणून ‘सिल्क मार्क’ची खूणचिठ्ठी पाहावी, केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने ही व्यवस्था 2004 पासून आहे. काठाचा एखादा धागा मिळाल्यास जपून जाळून पाहावा. रेशमास जळक्या केसांचा वास येतो व राख बोटांत चुरते. पॉलिएस्टर वितळून त्याची कठीण गोळी होते.

शिफॉन शोभते ते साडीला, ओढणीला, मोकळ्या बाह्यांना. अंगासरशी घट्ट पोलके त्याचे शिवू नये. विरळ विणीतले धागे शिवणीपाशी सरकतात. बेततांना खाली पातळ कागद घालावा, सुई बारीक घ्यावी आणि शिवणीच्या कडा आत दुमडून घ्याव्यात. भोपाळचे जरदोजी काम नावाजलेले. पण त्याचा भार या कापडास झेपत नाही. हौस असल्यास अस्तर लावून, काठापुरतेच करावे.

पक्क्या रंगाची साधी साडी गार पाण्यात, रिठ्याने किंवा सौम्य साबणाने धुवावी. ती पिळू नये. टॉवेलात गुंडाळून पाणी टिपावे, सावलीत वाळवावी आणि किंचित दमट असतांना उलट्या बाजूने मंद इस्त्री करावी. अत्तर थेट कापडावर उडवू नये. फार दिवस टांगून न ठेवता, मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवावी आणि घड्या अधूनमधून बदलाव्यात.

एवढे केले, तर आज कन्येसाठी घेतलेली साडी उद्या तिच्या लेकीच्याही अंगावर ओघळेल. मग तिला चिंधी कोण म्हणणार?