घंटा नसलेला मनोरा

पडक्या, ओसाड वास्तू धुंडाळायच्या आणि त्यांचे फोटो काढायचे, हा छंद हल्ली तरुण मंडळींत फार बोकाळला आहे. (बोकाळला हा शब्द कौतुकाने वापरते आहे, गैरसमज नको!) आमचे नातूही त्यातलेच. परवा त्यांनी वसईच्या किल्ल्याचे फोटो दाखवले. सुंदर होते, पण सगळे काळेकुट्ट, आणि खाली ओळ : 'विस्मृतीत गेलेलं शहर'.

अरे, पण कुणाच्या विस्मृतीत? किल्ल्यालगत कोळ्यांची वस्ती आहे. ती माणसं रोज तिथून जातात-येतात. ती चौकटीत आली की हे कॅमेरा खाली करून थांबतात, मग वास्तू ओसाड दिसणारच!

१५३४ साली वसई गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेली. पुढची दोनशे वर्षं तटाच्या आत भरलेलं शहर नांदत होतं. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी ते जिंकलं, इथवर आपण शाळेत घोकतो. सेंट जोसेफ चर्चचा मनोरा आजही उभा आहे, पण रिकामा. वसईच्या मोहिमेतून आलेल्या घंटा भीमाशंकरला आहेत, नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर आहे. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे, आणि ती आहे महादेवाच्या देवळाशी! एवढं ठाऊक असलं की रिकामा मनोरा भुताटकीचा वाटत नाही. त्याचा फोटोही वेगळा निघेल.

माझी खरी तक्रार निराळी आहे. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये जमिनीवर थडग्यांच्या शिळा आहेत. त्यांवर पोर्तुगीज अक्षरं आहेत, घराण्यांची चिन्हं आहेत. लोक त्यांवर बूट घालून उभे राहतात आणि कॅमेरा वर कमानीकडे! लग्नाआधीचे फोटोही तिथेच. अक्षरं पावसाने आणि पावलांनी झिजताहेत. कमान उद्याही दिसेल, पण ती नावं एकदा पुसली की पुसली. म्हणून माझ्या मते तिथला सर्वांत मोलाचा फोटो पायाखालचा आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात घ्यावा, म्हणजे उथळ अक्षरांतही सावली भरते. शेजारी मोजपट्टी ठेवावी, तारीख आणि जागा लिहावी, रंग गडद करू नयेत.

आणि अक्षर उठावं म्हणून दगडावर खडू घासू नये. खडूशी माझं जन्माचं नातं, तरीही सांगते.