पळू शकणाऱ्या मुलाला थांबायला शिकवणे

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्याकडचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो पायापेक्षा हातानेच अधिक खेळला जातो. अकरा जणांच्या संघाचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू हाती येताच तो काही पावले मागे सरकतो आणि त्याचे धिप्पाड सहकारी प्रतिपक्षाला अडवीत त्याच्याभोवती घोड्याच्या नालेसारखा आडोसा उभा करतात. या आडोशाला ‘पॉकेट’ म्हणतात. तो जेमतेम तीन सेकंद टिकतो. तेवढ्यात पुढे धावणाऱ्या साथीदारांपैकी कोण मोकळा आहे हे ओळखून चेंडू फेकायचा असतो.

आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी नोकरीनिमित्त न्यू जर्सीत स्थायिक झाला आहे. त्याचा तेरा वर्षांचा मुलगा तेथील मुलांच्या संघात क्वार्टरबॅक आहे. मुलगा चपळ, अंगावर कोणी चालून आले की पॉकेट सोडून पळतो आणि बहुधा निसटतोही. नव्या प्रशिक्षकांनी मात्र त्याला पॉकेटमध्ये उभे राहण्याचा सराव लावला आहे. “सर, पळून यश मिळते आहे, तर त्याला थांबवायचे कशाला?” असे वडिलांनी मला फोनवर विचारले. हा खेळ मी खेळलेलो नाही. परंतु आमच्या पिढीला दलित पँथरच्या नावाने अमेरिकेच्या ब्लॅक पँथरपर्यंत नेले, आणि तेथील कृष्णवर्णीयांचा इतिहास वाचता वाचता हा खेळही माझ्या अभ्यासात आला. त्या आधारावर माझे मत स्पष्ट आहे : प्रशिक्षकांचेच बरोबर आहे.

तेराव्या वर्षी निसटणारा मुलगा अठराव्या वर्षी तसा निसटत नाही, कारण तोवर समोरचेही तितकेच वेगवान झालेले असतात. त्याहून मोठे नुकसान नजरेचे होते. पळण्याची सवय जडलेला मुलगा मैदानाकडे पाहण्याऐवजी अंगावर येणाऱ्यांकडे पाहू लागतो आणि त्याच क्षणी त्याचे साथीदार त्याला दिसेनासे होतात. म्हणून जाणता प्रशिक्षक प्रथम नजर सुधारतो. जाड गाद्या घेतलेले दोन साहाय्यक मुलाला दोन्ही बाजूंनी धक्के देत राहतात. मुलाने चेंडू दोन्ही हातांनी छातीशी धरून, पाय खांद्यांइतके फाकवून, आखूड पावलांनी सरकत राहायचे. प्रशिक्षक समोर दूर उभा राहून हाताची बोटे दाखवतो. किती बोटे, ते मुलाने मोठ्याने सांगायचे. नजर खाली गेली की उत्तर चुकते. साधाच सराव, पण भय आणि लक्ष यांची फारकत करणारा.

नंतर पाय. मागे सरकण्याची पावले मोजलेली असतात : तीन, पाच किंवा सात. शेवटचे पाऊल टेकताना नजर पहिल्या साथीदारावर, तो अडवलेला असेल तर छोटे पाऊल पुढे आणि नजर दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर, कोणीच मोकळा नसेल तर जवळच्या साथीदाराकडे लहानसा पास. पावले आणि साथीदारांच्या धावेचे मार्ग यांचा मेळ सॅन फ्रान्सिस्कोचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी काटेकोरपणे बसवला होता. कडेने हल्ला आला की मुलाला बाहेर पळावेसे वाटते. शिकवायचे असते नेमके उलटे : एक पाऊल पुढे, आडोशाच्या आत. कडेचे हल्लेखोर वळसा घालून पाठीमागून निघून जातात. हे एकदा सांगून भागत नाही. शेकडो वेळा करवून घ्यावे लागते, आणि मधल्या काळात काही सामने हरावे लागतात. पालकांना खुपते ते हेच.

स्टीव्ह यंगचे उदाहरण बोलके आहे. तो विलक्षण धावपटू होता. १९८७ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्को संघात आला आणि जो माँटॅनासारख्या कसलेल्या खेळाडूच्या मागे चार हंगाम त्याने काढले. पुढे १९९२ आणि १९९४ चा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला आणि जानेवारी १९९५ च्या सुपर बोलमध्ये त्याने सहा टचडाउन पास फेकले. यंग गोरा होता. त्याला शिकण्यासाठी वेळ मिळाला.

सर्वांनाच तो मिळाला नाही. १९६८ मध्ये डेन्व्हर संघाकडून मार्लिन ब्रिस्को या कृष्णवर्णीय खेळाडूने क्वार्टरबॅक म्हणून १४ टचडाउन पास फेकले. पुढच्या वर्षी बफेलो संघात तो झेल घेणाऱ्याच्या जागी खेळत होता. वॉरेन मून १९७८ च्या रोझ बोलचा मानकरी, पण त्या वर्षी एनएफएलच्या एकाही संघाने त्याला निवडले नाही. तो कॅनडात गेला, एडमंटनसाठी सलग पाच अजिंक्यपदे जिंकली, तेव्हा कोठे १९८४ मध्ये त्याला मायदेशी जागा मिळाली. समज असा की क्वार्टरबॅकची जागा विचार करणाऱ्याची, आणि काळ्या मुलाचे काम पळण्याचे. हा समज जुना म्हणावा, तर २०१८ मध्ये लमार जॅक्सनलाही झेल घेणाऱ्याच्या जागी खेळण्याचे जाहीर सल्ले दिले गेले. २०१९ च्या हंगामात त्याने ३६ टचडाउन पास फेकले, लीगमध्ये सर्वांत अधिक, आणि तो एकमताने सर्वोत्तम खेळाडू ठरला.

म्हणूनच मला एडी रॉबिन्सन फार मोठे शिक्षक वाटतात. लुइझियानातील ग्रँबलिंग या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात ते १९४१ पासून १९९७ पर्यंत प्रशिक्षक होते. त्यांनी जेम्स हॅरिसला जाणीवपूर्वक क्वार्टरबॅक म्हणूनच घडवले. १९६९ च्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात बफेलोचा क्वार्टरबॅक हॅरिस होता. त्यांचाच दुसरा विद्यार्थी डग विल्यम्स. ३१ जानेवारी १९८८ च्या सुपर बोलमध्ये वॉशिंग्टन संघ दहा गुणांनी मागे, विल्यम्सचा गुडघा दुखावलेला. दुसऱ्या पावकाळात त्याने चार टचडाउन पास फेकले आणि सामना ४२-१० असा जिंकला.

आपल्या मुलांविषयी मी काय ऐकत आलो आहे? “तुमच्या मुलांचे अंग काटक, त्यांना खो-खो, कबड्डीत घाला, पुढे पोलीस भरती आहेच.” पाहुणे हे कौतुकाने बोलतात. खो-खो मलाही प्रिय आहे आणि पोलिसाची नोकरी सन्मानाची आहे. माझा आक्षेप आहे तो मुलाचे पाय पाहून त्याचे शिक्षण ठरवण्याला. जो शिक्षक अशा मुलाला कंटाळा येईपर्यंत पावले मोजायला लावतो, चुकला तर पुन्हा उभा करतो, तो त्याच्या बुद्धीवर विश्वास ठेवत असतो.

याचा अर्थ पळणे मारून टाकावे असा नव्हे. आडोसा खरोखर कोसळला, सर्व साथीदार पाहून झाले, तर पळावे. जॅक्सन आजही पळतो. क्रम महत्त्वाचा. न्यू जर्सीच्या त्या पालकाला मी एवढेच सुचवले की प्रेक्षकांत बसून ‘पळ, पळ’ असे ओरडू नये, आणि घरी आल्यावर किती यार्ड मिळवले हे विचारण्याआधी, आज दुसऱ्या साथीदारापर्यंत नजर किती वेळा पोहोचली, ते विचारावे.