तीन कपाटं आणि एक फळी

यंत्राची पुस्तिका लिहिणाऱ्या गृहस्थाला तीच पुस्तिका हाती देऊन एक रात्र यंत्रासमोर कोंडून ठेवावं, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

आमच्या बँकेत तीन यंत्रं मिळून एकच कोठार चालवतात. व्यवस्थेचं नाव 'सेफ'. मी पडलो बी.कॉम., मला वाटलं तिजोरी! ते निघालं ऑक्टोपसच्या कुळावरून. सेज वाइल या विद्यार्थ्यानं २००७ साली कॅलिफोर्नियातल्या सांताक्रुझच्या विद्यापीठात यावर प्रबंध लिहिला. कल्पना मात्र अस्सल कारकुनी : प्रत्येक कागदाच्या तीन प्रती, तीन वेगळ्या यंत्रांत. एक यंत्र मेलं तरी हिशेब जिवंत.

प्रत्येक यंत्रात ४ टीबीची एक डिस्क. म्हणजे विकत घ्यायचे १२ आणि वापरायचे ४. तिन्ही डिस्क ८६ टक्के भरल्या तेव्हा इशारा आला, कारण मर्यादा ८५. पुढं ९५ला हे कोठार लिहिणंच बंद करतं. उसाची बिलं जमा व्हायच्या दिवशी ते बंद पडलं असतं, तर कळंबच्या शेतकऱ्यांना काय ऑक्टोपस दाखवायचा?

बसवून देणाऱ्यांच्या पुस्तिकेत काय? 'क्षमता वाढवण्यासाठी नवीन डिस्क जोडा.' संपलं! कुठं, किती, हे वाचकानं पूर्वपुण्याईनं ओळखायचं.

मी पहिल्या यंत्रात ४ टीबीची एक जोडली. रात्रभर आतल्या आत माल हलत होता. सकाळी पडद्यावर एकूण १६ टीबी, भरलेले ६५ टक्के. साहेबांनी चहा मागवला. वापरायची जागा होती तेवढीच!

अहो, कपाटं तीन, प्रत्येक कागद तिन्हीत हवा. एका कपाटाला फळी वाढवली, तर तेवढंच ऐसपैस होणार. बाकीची दोन ८६वरच. ६५ ही नुसती सरासरी. एका खात्यात लाख, दोन ओव्हरड्राफ्टमध्ये आणि म्हणे सरासरी शिल्लक समाधानकारक! 'तिन्ही यंत्रांत सारखी जोडा' हे चार शब्द लिहायला शाई महाग झाली होती का?

आमच्या वालचंदनगरात पीएसएलव्ही रॉकेटची आवरणं बनतात. तिथं कुणी 'पत्रा घ्या, रॉकेट करा' एवढ्या ड्रॉइंगवर काम करील काय?

आणखी दोन डिस्क आल्या. एकूण २४, वापरायला ८. परवा ऑडिटरांचा शेरा आला : '२४ घेतले, ८ वापरात. उरलेल्या १६चा खुलासा करावा.'

खुलासा दिला. तीन प्रतींत.