सुईकडून किती मागावं?

ॲक्युपंक्चरच्या काही दवाखान्यांबाहेरचे फलक वाचले की वाटतं, आता बाकीच्या डॉक्टरांनी दुकानं बंद करायला हरकत नाही. मधुमेह, दमा, थायरॉइड, वंध्यत्व, टक्कल, आणि सगळ्यांत खाली ठसठशीत अक्षरांत ‘साइड इफेक्ट नाही’. याच फलकाकडे बोट दाखवून दुसरा पक्ष म्हणतो, बघा, शुद्ध थोतांड! गुडघ्याने किंवा कंबरेने पिडलेला, पहिल्यांदाच सुया टोचून घ्यायला निघालेला माणूस या दोघांच्या कात्रीत सापडतो. माझं म्हणणं असं, की त्याने दोघांचंही मनावर घेऊ नये. जुनाट दुखण्यात उतार पडावा एवढं सुईकडून मागावं. त्याहून जास्त कुणी देऊ केलं तर चपला घालून बाहेर पडावं.

आधी भक्तांचा समाचार. ‘पाच हजार वर्षांची अखंड परंपरा’ हे त्यांचं पालुपद. परंपरा जुनी आहेच. ‘ह्वांगदी नेइजिंग’ हा तिचा आधारग्रंथ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. पण अखंड? १८२२ मध्ये चीनच्याच सम्राटाने राजवैद्यांच्या संस्थेतून सुया हद्दपार केल्या होत्या. आज आपण घेतो त्या बारीक सुयांच्या उपचाराला रूप आलं ते १९३० च्या दशकात चंग दानआन या वैद्याच्या खटपटीने, आणि तो देशभर फोफावला माओच्या राजवटीत.

आपल्याकडे याला आणखी दोन फोडण्या बसतात. एक, ही विद्या मूळची सुश्रुताची, मर्मस्थानांची. सुश्रुतसंहितेत १०७ मर्मं सांगितली आहेत खरी, पण तिथे इजा झाली तर जीव जाईल किंवा अवयव निकामी होईल म्हणून. शल्यकर्म करणाऱ्याने जी जागा चुकवायची, तीच टोचायची जागा कशी झाली? दुसरी फोडणी, सोलापूरच्या डॉ. कोटणीसांनी ॲक्युपंक्चर भारतात आणलं. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. ते परतलेच नाहीत, तर आणतील काय? ही विद्या शिकून आले ते त्याच पथकातले डॉ. बिजयकुमार बसू, तेही १९५० च्या दशकाच्या अखेरीस, आणि त्यांनी ती रुजवली कोलकात्यात. कोटणीसांचं मोठेपण उसन्या श्रेयावर उभं नाही.

अमेरिकी पत्रकार जेम्स रेस्टन यांची गोष्टही अशीच फुगवून सांगतात. १९७१ मध्ये पेकिंगमध्ये त्यांचं अपेंडिक्स काढलं, ‘नुसत्या सुया टोचून, भूल न देता’. रेस्टननी स्वतः लिहिलं ते वेगळंच. शस्त्रक्रिया नेहमीची भूल देऊन झाली. सुया टोचल्या त्या नंतर, पोट फुगून अस्वस्थ वाटू लागलं तेव्हा.

आणि ‘साइड इफेक्ट नाही’? जर्मनीत सव्वादोन लाखांहून जास्त रुग्णांची नोंद ठेवली गेली. शेकडा साडेआठ जणांना काही ना काही त्रास झाला. बहुतेकांना थोडं रक्त किंवा काळंनिळं होणं, पण दोघांच्या बाबतीत फुप्फुसाभोवती हवा शिरली. धोका किरकोळ आहे, शून्य नाही. खांद्याच्या आणि छातीच्या भागात सुई किती खोल जाते यावर तो ठरतो.

आता थोतांडवाल्यांकडे वळू. त्यांचा मुद्दा फेकून देण्यासारखा मुळीच नाही. जर्मनीतच कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर झालेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला शास्त्रोक्त बिंदूंवर सुया दिल्या, दुसऱ्याला बिंदू सोडून भलतीकडेच आणि वरवर, तिसऱ्याला औषधं-व्यायाम असे नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी पहिल्या गटात शेकडा ४७.६ जणांना गुण आला होता, दुसऱ्यात ४४.२. म्हणजे खरी सुई आणि खोटी सुई जवळजवळ सारखीच! इथे टाळी वाजवून हे लोक उठतात. तिसरा आकडा ऐकायला थांबतच नाहीत: नेहमीच्या उपचारांवर गुण आला शेकडा फक्त २७.४ जणांना.

या आकड्यांनी ‘ची’ या शरीरात वाहणाऱ्या कल्पित ऊर्जेच्या वाहिन्यांचा नकाशा लंगडा पडतो, हे मला मान्य आहे. पण टोचणं, अर्ध्या तासाची निवांतता, कुणीतरी नीट विचारपूस करणं, रुग्णाची आशा, या सगळ्याचा मिळून कंबरेला फायदा झाला, हेही त्यांतून दिसतंच. पुढे हजारो रुग्णांचे आकडे एकत्र केले तेव्हा खरी सुई खोटीपेक्षा थोडी सरसही ठरली. थोडीच. ज्याला रात्री कूस वळता येत नाही त्याला मात्र हे ‘थोडं’ पुरतं. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीच्या शिफारशींतून ॲक्युपंक्चर वगळलं, पण अर्धशिशी टाळण्यासाठी ते सुचवलं आणि २०२१ मध्ये ठरावीक कारण सापडत नाही अशा जुनाट दुखण्यासाठीही. असं दुखण्या-दुखण्यागणिक तोलून बघायला हवं.

तर पहिल्या दिवशी काय होतं? आधी प्रश्न, बरेच प्रश्न: झोप, पोट, पाळी, चालू असलेली औषधं. रक्त पातळ करणारी गोळी, पेसमेकर, गरोदरपण यांतलं काही असेल तर विचारायची वाट न बघता सांगा. जीभ आणि नाडी बघतील. मग आडवं व्हायचं. सुई इंजेक्शनच्या सुईपेक्षा कितीतरी बारीक, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची, आणि भरीव. ती प्लास्टिकच्या बारीक नळीत असते. नळी कातडीवर टेकवून वरच्या टोकाला टिचकी मारली की आत जाते. डास चावल्याइतकं कळतं, पुष्कळदा तेही नाही. मग सुई जरा फिरवली की आत खोलवर एक बोथट जडपणा पसरतो, कधी झिणझिण्या. तो यायचाच. पण वीज चमकल्यासारखी कळ गेली तर लगेच सांगायचं, सोसत बसायचं नाही. वीस-तीस मिनिटं तसंच पडून राहायचं. कित्येक जण घोरू लागतात. उपाशीपोटी गेलेल्यांना मात्र घेरी येऊ शकते. पाकीट तुमच्यासमोर फोडलं का आणि सुया काढताना मोजल्या का, एवढं बघा.

त्या रात्री दुखणं वाढलं तरी घाबरू नका, आणि एकदम पळालं तरी हुरळू नका. ‘सरकारमान्य’ या पाटीनेही भुलू नका. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा कायदा आहे, नोंदणी आहे, आणि ती बघूनच जावं. पण उपचार कुणी करावा हे कायदा ठरवतो, मधुमेह बरा होतो असं तो कुठे म्हणत नाही. इन्शुलिन बंद करा म्हणणाऱ्याकडे नोंदणी असली तरी त्याची पायरी पुन्हा चढू नये. दुखण्याचं निदानही आधी करून घ्यावं. कंबरदुखीबरोबर ताप येत असेल, वजन उतरत असेल, पाय लुळा पडत असेल किंवा लघवीवरचा ताबा गेला असेल, तर सुईवाल्याकडे नव्हे, तडक इस्पितळात.

वीस सिटिंगचं पॅकेज आगाऊ पैसे भरून घेऊ नका. सुरुवातीला वहीत लिहून ठेवा: किती जिने चढता येतात, आठवड्याला वेदनाशामक गोळ्या किती लागतात, रात्री कितीदा जाग येते. पाच-सहा सिटिंगनंतर तेच पुन्हा लिहा. आकडे हलले असतील तर आणखी चार घ्या, नसतील तर थांबा. आणि पैसे दर खेपेचे दर खेपेला द्या.