प्रयोगशाळा उपाशी, फंडवाले तुपाशी

विद्यापीठांतील संशोधन बाजारात आणा, पेटंटे घ्या, कंपन्या काढा, असा उपदेश दिल्लीश्वर अखंड करीत आहेत. मुलुंडकरांना यातले ओ की ठो कळत नाही, असा त्यांचा समज असेल तर तो त्यांनी आजच सोडावा. याच मुलुंडच्या हेक्स्ट संशोधन केंद्राने कोलियस वनस्पतीच्या मुळ्यांतून फोर्स्कोलिन हे रसायन वेगळे काढले आणि ते जगभरच्या प्रयोगशाळांत पोचले. पुढे ते केंद्र निकोलस पिरामलने विकत घेतले. संशोधन कसे पिकते आणि कसे विकले जाते, हे आम्ही दाराशी पाहिले आहे.

जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने संशोधन, विकास व नवोन्मेषासाठी एक लाख कोटी रुपये मंजूर केले. हा पैसा अल्प वा शून्य व्याजाने, फंड व्यवस्थापकांच्या हातून, खासगी उद्योगांकडे जाणार. तोही तंत्रज्ञान सिद्धतेच्या चौथ्या पायरीवर पोचलेल्या प्रकल्पांनाच. पहिल्या तीन पायऱ्या विद्यापीठांनी चढायच्या, आणि त्यांच्यासाठी? २०२३ च्या कायद्याने उभ्या केलेल्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाला पाच वर्षांत ५० हजार कोटींची घोषणा झाली, पण त्यात सरकारचे १४ हजार कोटीच; बाकीचे ३६ हजार कोटी उद्योगपती आणि दानशूर देतील, ही आशा. कंपन्यांना कर्ज, विद्यापीठांना भिक्षापात्र!

ज्या सरकारने जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेच्या आयात रसायनांवरील सीमाशुल्क १० टक्क्यांवरून थेट १५० टक्क्यांवर नेले आणि शास्त्रज्ञांनी बोंब ठोकल्यावरच ते खाली आणले. ज्याच्या कर यंत्रणेने संशोधन अनुदानावर जीएसटी मागत आयआयटी दिल्लीसारख्या संस्थेलाही नोटीस धाडली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सूट जाहीर होईपर्यंत संशोधकांना हिशेबनीसांच्या दारात उभे केले. ज्याच्या राज्यात तासिका तत्त्वावर राबणारा प्राध्यापक सुटीचे पैसे नाहीत म्हणून मे महिन्यात शिकवण्या धरतो, तेच सरकार त्या प्राध्यापकाला सांगते की, बाबा रे, तू आता उद्योजक हो. ही निव्वळ निर्लज्जता आहे.

पवईच्या नेक्सकार१९ कडे बोट दाखवून धोरणाचे भाट नाचतील. खुशाल नाचोत. कर्करोगावरील ही पेशी उपचारपद्धती आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल या सार्वजनिक संस्थांत वर्षानुवर्षे घासून घडली, तेव्हा कुठे ती बाजारात आली. पाश्चात्त्य दराहून ती पुष्कळ स्वस्त आहे, हे आम्ही अभिमानाने सांगू. पण तिची किंमत आजही लाखांत मोजावी लागते, आणि ज्याच्या करातून त्या संस्था उभ्या राहिल्या त्या भांडुप-मुलुंडच्या चाळकऱ्याला ती परवडत नाही. त्याचा वाटा ठरवणारे कलम या धोरणकर्त्यांना कधी सुचले नाही.

हेतू उघड आहे. शिक्षणाच्या खर्चातून अंग काढायचे आणि पेटंटांचे आकडे मिरवायचे. सकल देशांतर्गत उत्पादनाच्या जेमतेम ०.६४ टक्के संशोधनावर खर्चणाऱ्या देशात हे धोरण नव्हे, पळवाट आहे.

ईशान्य मुंबईच्या खासदारांनी संसदेत एकच प्रश्न विचारावा: पहिल्या तीन पायऱ्यांचे पैसे कोण देणार? उत्तर मिळेपर्यंत मुलुंडकरांनी त्यांना मत मागायला दारात उभे करू नये.