हीं आसवें कोणासाठीं?

बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या वैज्ञानिक कल्पनाकथांच्या मालिकेंतील 'व्हिन्सेंट अँड द डॉक्टर' हा भाग ५ जून २०१० रोजीं दूरचित्रवाणीवर प्रथम दाखविण्यांत आला. रिचर्ड कर्टिस यांनीं लिहिलेल्या या कथेंत कालप्रवासी डॉक्टर व त्याची सोबतीण एमी हीं दोघें १८९० सालच्या व्हिन्सेंट व्हॅन गॉगला भेटतात आणि शेवटीं त्याला आजच्या पॅरिसमधील ऑर्से संग्रहालयांत घेऊन येतात. आपल्या चित्रांभोंवतीं जमलेली गर्दी पाहून, आपण सर्वांत थोर चित्रकार ठरलों हें तेथील जाणत्याच्या तोंडून ऐकून, तो रडूं लागतो. आणि त्याच्याबरोबर प्रेक्षकहि रडतात.

रडण्यास आमची हरकत नाहीं. अशा आसवांना स्वस्त भावविवशता म्हणून हंसणाऱ्या विद्वानांच्या पंक्तीस आम्हांस बसावयाचें नाहीं. आमचा आक्षेप आहे तो डोळे पुसल्यावर जें बोललें जातें त्यास. "बिचाऱ्याला हें जिवंतपणीं कळलें असतें तर!" या सुस्काऱ्यांत दोन समजुती दडलेल्या आहेत. स्तुतीनें तो वांचला असता, ही एक. आणि त्या काळीं आम्ही असतों तर त्यास ओळखण्यांत चुकलों नसतों, ही दुसरी.

पहिलीचें खंडन खुद्द कथाच करते. एमी नव्या चित्रांच्या आशेनें संग्रहालयांत धांवत परत येते. परंतु तेथें एकहि नवें चित्र नसतें. सदतिसाव्या वर्षीं व्हॅन गॉगनें आत्महत्या केलेलीच असते. इतिहासाची साक्षहि तीच. जानेवारी १८९० मध्यें आल्बेर ओरिये या टीकाकारानें 'मर्क्यूर द फ्रान्स' मासिकांत त्याची मुक्तकंठानें प्रशंसा केली. त्याच वर्षीं ब्रुसेल्सच्या प्रदर्शनांतून त्याचें 'लाल द्राक्षमळा' हें चित्र एका बेल्जियन चित्रकर्त्रीनें चारशें फ्रँक देऊन घेतलें. व्हॅन गॉगनें ओरियेस आभाराचें पत्र लिहिलें. पण हा मान गोगँ व मोंतिचेल्ली यांचा अधिक, असेंहि त्यांत कळविलें. २९ जुलै रोजीं तो निवर्तला. कीर्ति हें मनाच्या व्याधीवरील औषध नव्हे.

दुसरी समजूत याहून घातक. कारण ती आपली आपणच थोपटलेली पाठ आहे. मेल्या म्हशीला मणभर दूध, ही आपल्याकडील म्हण जगभर खरी आहे. त्याचें मोल ज्यांनीं वेळीं ओळखलें तीं माणसें कोण? भाऊ थिओ दरमहा पैसे पाठवी, म्हणून रंग व कापड विकत मिळे आणि दहा वर्षांत सुमारें साडेआठशें तैलचित्रें झालीं. थिओ १८९१ च्या आरंभीं वारला. त्याची विधवा योहाना हिनें वर्षाच्या मुलास घेऊन, भाडेकरूंसाठीं घर चालवून, हीं चित्रें व पत्रें जपलीं, प्रदर्शनें भरविलीं, आणि १९१४ सालीं थिओस लिहिलेलीं पत्रें प्रसिद्ध केलीं. संग्रहालयांतील ती गर्दी योहानानें जमविली आहे. सुस्कारे टाकणाऱ्यांच्या तोंडीं तिचें नांव क्वचितच येतें.

आमच्या मतें कथेचें मर्म संग्रहालयांत नसून चर्चमधील प्रसंगांत आहे. व्हॅन गॉगखेरीज कोणास न दिसणारा तो राक्षस त्याच्याच हातून जखमी होतो. आणि तो आंधळा, कळपानें टाकलेला व भ्यालेला आहे हें उमगतांच व्हॅन गॉग त्याच्यासाठीं हळहळतो. समोर मरत असलेल्या जिवाविषयींची ही करुणा होय. एमी व डॉक्टर यांनींहि त्याला वांचविलें नाहीं. त्यांनीं त्याला कांहीं सोबतीचे दिवस दिले, आणि ते व्यर्थ गेले नाहींत असें कथा सांगते.

तेवढें तर कालयंत्रावांचून आपणांसहि करतां येईल. आपल्याच आळींत कोणी मुलगा चित्रें काढीत बसतो म्हणून घरचे कपाळास हात लावतात. कोणी तरुण महिनोन्महिने खिन्न असतो आणि आपण त्यास आळशी म्हणतों. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं गेलेल्यासाठीं रडून झाल्यावर प्रेक्षकांनीं त्यांच्या दारावर एकवार थाप मारावी.