इटालियन क्रियापदांचे काळ आणि आमची मराठी

परभाषा शिकावयाची तर आधीं इंग्रजी पक्की पाहिजे, अशी आपल्याकडील पालकांची दृढ समजूत आहे. रिठदसारख्या गांवांत मुलाला इंग्रजी शाळेंत घालण्याचा जो खटाटोप चालतो, त्याच्या मुळाशीं पुष्कळदां हीच समजूत असते. इंग्रजीची उपयुक्तता मी नाकारीत नाहीं. परंतु इटालियन भाषेपुरतें बोलावयाचें तर तिचे काळ उलगडण्याची किल्ली इंग्रजीपेक्षां मराठीजवळ आहे, असें माझें स्पष्ट मत आहे. रिठदच्या मुलाला इटालियन कशाला, असें कोणी विचारील. १९४४ सालीं इटलींत तायबर नदीच्या खोऱ्यांत धारातीर्थीं पडलेले यशवंत घाडगे हे कुलाबा जिल्ह्यांतील एका खेडेगांवचेच होते. मुलें कोठें जातील हें आईबापांनीं आधींच ठरवूं नये.

इंग्रजींत 'वेंट' या एकाच रूपावर 'तो काल गेला' आणि 'तो रोज जाई' हीं दोन्ही वाक्यें भागतात. म्हणून इंग्रजीच्या वाटेनें जाणारा विद्यार्थी इटालियनमधील 'आन्दो' आणि 'आन्दावा' यांपाशीं अडखळतो. मराठी मुलाला अडखळण्याचें कारणच नाहीं. 'आन्दो' म्हणजे गेला. 'आन्दावा' म्हणजे जाई, जात असे किंवा जात होता. हा रीतिभूतकाळ आपण परीक्षेसाठीं घोकतों खरा, परंतु आजी गोष्ट सांगूं लागली कीं तोच कानीं पडतो.

नित्याच्या बोलण्यांत, विशेषतः उत्तर इटलींत, 'आन्दो'च्या जागीं जोडरूप येतें. कर्ता पुरुष असल्यास 'ए आन्दातो', स्त्री असल्यास 'ए आन्दाता'. अगदीं आपलें गेला आणि गेली. सकर्मक क्रियापदाची गंमत याहून मोठी. सफरचंदाला तिकडे 'मेला' म्हणतात (मराठी कानाला शब्द अशुभ वाटेल, त्याला इलाज नाहीं) आणि तो शब्द स्त्रीलिंगी आहे. 'तें मीं खाल्लें' असें सांगतांना खाणारा पुरुष असला तरी तो 'लो मान्जाता' म्हणतो, 'मान्जातो' नव्हे. रूप खाणाऱ्याप्रमाणें न फिरतां खाल्लेल्या वस्तूप्रमाणें फिरतें. 'मीं आंबा खाल्ला, मीं पोळी खाल्ली' म्हणणाऱ्या मुलाला यांत नवल तें काय? भेद इतकाच कीं, इटालियनमध्यें असें कर्मदर्शक सर्वनाम क्रियापदाच्या आधीं आलें तरच हा नियम लागतो.

याचें कारण शोधण्यासारखें आहे. मराठीनें संस्कृताचीं जुनीं भूतकाळाचीं रूपें टाकून 'गत' यासारख्या धातुसाधित विशेषणावर आपला भूतकाळ उभारला. लॅटिनच्या पोटीं जन्मलेल्या इटालियननें जुनें रूप राखलें, पण त्याच्या शेजारीं असेंच विशेषण आणून बसविलें. आणि विशेषण म्हटलें कीं लिंगवचन आलेंच. संस्कृत व प्राकृत यांचा शेजार पाहावयास तर आपणांस दूर जावयास नको. वाशिम येथें १९३९ सालीं सांपडलेल्या वाकाटक विंध्यशक्तीच्या ताम्रपटांत त्या दोन्ही भाषा एकत्र नांदतात.

घड्याळ न पाहतां आपण 'तीन वाजले असतील' म्हणतों. इटालियन मनुष्यही 'सारान्नो ले त्रे' म्हणतो, म्हणजे शब्दशः 'तीन असतील'. रूप भविष्याचें, अर्थ अदमासाचा. हें समजाविण्यास मराठी वर्गांत एक वाक्य पुरे. म्हणून शिक्षकांस माझी विनंति आहे कीं, काळांचा तक्ता मांडतांना इटालियन रूपासमोर मराठी रूपच लिहावें.

मराठी सर्वत्र पुरेल असें मात्र नाहीं. 'मला वाटतें, तो घरीं आहे' या वाक्यांतील 'आहे'साठीं शिष्ट इटालियनमध्यें साधें 'ए' चालत नाहीं, 'सिआ' हें निराळें रूप योजावें लागतें. आपला विध्यर्थ 'त्यानें यावें' अशा इच्छेपर्यंत साथ देतो आणि नुसत्या मतापाशीं हात टेकतो. तेवढीं रूपें पाठच करावीं लागतात.